कोवळ्या आयांना हक्काचे घर द्या

दादरच्या पुलाखाली तान्हे बाळ पोटाशी धरून झोपणारी 17-18 वर्षांची मुलगी मी पावसाळाभर पाहिली. शहरात दर 1 लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक बारमाही निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच बजावले. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईत असे सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. पण नुसती पथारी तिच्या काय कामाची? तिला आतून कडी लागणारी खोली हवी, बाळंतपणानंतरची देखभाल, पाळणाघर आणि सुटलेली शाळा हवी. बाल न्याय कायद्याचे छत्र 18 व्या वर्षी मिटते. पुढे 21 पर्यंतची मदत बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठी आहे. रस्त्यावरच वाढलेलीने कुठे जावे? महापालिकेने अशा मायलेकरांसाठी वेगळी निवासगृहे काढावीत, आणि बाळाला आईपासून तोडू नये.

– एक वाचक, दादर, मुंबई