किनाऱ्यावर लॅपटॉप घेताना आधी बिजागरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या ऐन पावसाळ्यात होतात आणि लोणेरे, रत्नागिरी, आंबव, कणकवली इथे नंबर लागलेल्या मुलांच्या घरी फीच्या मागोमाग लॅपटॉपचा विषय निघतो. दुकानात पहिला प्रश्न बजेटचा, दुसरा ग्राफिक्स कार्डाचा. किनारपट्टीवर चार वर्षे टिकणारे यंत्र हवे असेल तर हा क्रम चुकीचा आहे. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर प्रोसेसर कमी पडला म्हणून येणारा लॅपटॉप विरळा. बिजागरी उखडलेले, चार्जिंगचा पोर्ट गंजाने खाल्लेले आणि मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) हिरवट काट चढलेले मात्र सतत येतात.

बिजागरीचे आधी सांगतो. स्वस्त लॅपटॉपच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यात आतून बारीक खांब असतात. त्यांत तीन-चार मिलिमीटरचे पितळी नट गरम करून दाबून बसवतात आणि बिजागरीचे स्क्रू त्यांत आवळतात. खाऱ्या हवेत बिजागरीला गंज धरतो, ग्रीस सुकते, ती घट्ट होते. मग झाकण एका कोपऱ्याला धरून उघडले की सगळा जोर एकाच खांबावर येतो, खांबाला चीर जाते आणि नट प्लॅस्टिकसकट सुटतो. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात कडेची पट्टी फाकू लागली की समजावे, सुरुवात झाली. तिथेच थांबून दुरुस्ती केली तर थोडक्यात निभावते. तसेच वापरत राहिलात तर बिजागरीजवळून जाणारी डिस्प्लेची केबल चेपते आणि कधीकधी स्क्रीनच तडकतो. एपॉक्सी भरून बसवलेला खांब काही महिने धरतो. खरा उपाय सांगाड्याचा तो भाग बदलणे. म्हणून दुकानात झाकण पाच-सहा वेळा उघडून बघावे, पुढचा एक कोपरा धरून यंत्र उचलावे, कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबावे. करकर वाजले किंवा कीबोर्ड लवला तर पुढचे मॉडेल बघा.

दुसरा शत्रू मीठ. पंखा हवा आत ओढतो, तिच्याबरोबर मिठाचे कण बोर्डवर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच ओले होते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्या ओल्या थरातून वीज वाहते, तांबे झिजते. टाइप-सी पोर्टात २४ पिना अगदी दाटीने असतात आणि चार्जिंगच्या वेळी २० व्होल्टपर्यंत दाब वाहणारी पिन नाजूक सिग्नलच्या पिनेला लागून असते. ओल्या पोर्टात चार्जर खुपसला की चार्जिंगची चिप जाऊ शकते. चार्ज होणारे दोन टाइप-सी पोर्ट, किंवा एक टाइप-सी आणि एक साधा गोल जॅक असलेले मॉडेल घ्यावे, म्हणजे एक गेला तरी परीक्षा अडत नाही. गणपतीत किंवा सुट्टीत कपाटात बंद पडून राहिलेला लॅपटॉप रोज तापणाऱ्या लॅपटॉपपेक्षा लवकर खराब होतो, हेही लक्षात ठेवावे.

जाहिरातीत ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणतात ते मिल-एसटीडी-८१०एच हे अमेरिकी लष्कराचे चाचण्यांचे मानक आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते कंपनी ठरवते. आपल्याला महत्त्वाची चाचणी क्रमांक ५०९, म्हणजे खाऱ्या धुक्याची, आर्द्रतेची ५०७. फक्त पडणे आणि कंपन तपासून तोच शिक्का मिळत असेल तर किनाऱ्यावर त्याचा उपयोग अर्धाच. कंपनीच्या माहितीपत्रकात चाचण्यांची यादी शोधावी.

आता प्रोसेसर आणि मेमरी. पहिल्या वर्षी सी किंवा पायथन आणि इंजिनीअरिंग ग्राफिक्सचे ऑटोकॅड एवढेच लागते; विद्यार्थ्यांना ऑटोकॅड मोफत मिळते. इंटेलचा आय-५ किंवा एएमडीचा रायझन ५ या वर्गातला अलीकडचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि साठवणीला ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी पुरे. रायझन ७००० मालिकेत नुसता पहिला आकडा बघून फसू नका, तिसरा बघा. ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी झेन २ रचना, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, आणि ४ असेल तर झेन ४. रॅम बोर्डवर झाळलेली (सोल्डर केलेली) आहे की स्लॉटमध्ये, हे लेखी विचारा. झाळलेली ८ जीबी घेतली आणि वाढवायला स्लॉट नसला तर तिसऱ्या वर्षी इलाज नाही.

मेकॅनिकलला जाणाऱ्यांनी मॅक घेऊ नये. सॉलिडवर्क्स आणि कॅटिया ही यंत्रभागांच्या त्रिमितीय आराखड्यांची सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप हलके आणि बॅटरीला चांगले, पण त्यांची एआरएम रचना वेगळी असल्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांच्या प्रोग्रामरचे (चिपमध्ये प्रोग्राम भरणाऱ्या उपकरणाचे) आणि बोर्डांचे जुने ड्रायव्हर तिथे अडतात.

गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर अर्धा-पाऊण किलोचा अडॅप्टर. एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हे रोज तीन किलो. शिवाय मोठे पंखे म्हणजे आत जाणारी खारी हवा जास्त. १४ इंची, दीड किलोच्या आसपासचे बिझनेस वर्गातले यंत्र आणि ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर हा कोकणासाठी आमच्या मते योग्य मेळ. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे प्रोबुक या मालिकांची यंत्र खोलून परत जोडण्याची पुस्तिका कंपन्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, त्यामुळे गावातला कारागीरही बॅटरी आणि पंखा नीट बदलू शकतो. टाइप-सीचा आणखी एक फायदा: जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे अनेक गावांत कित्येक दिवस लाईट नव्हती. अशा वेळी पुरेशा वॉटचा पॉवर बँक किंवा गाडीतला टाइप-सी चार्जर लॅपटॉप चालवतो.

याच मालिकांतले वापरलेले यंत्र घेणे मुळीच कमीपणाचे नाही. फक्त विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. टॉर्च मारून सगळ्या पोर्टांत हिरवट-पांढरी पूड आहे का पाहा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा; मूळ क्षमतेच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

वॉरंटीत पाणी आणि गंज बसत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. ‘ऑनसाइट’ म्हणजे घरी येऊन दुरुस्तीची सेवा तुमच्या पिनकोडला आहे का, हे बिल करण्यापूर्वी तपासा. नाहीतर यंत्र कोल्हापूर किंवा मुंबईला पाठवत बसाल.

वापरात दोन-तीन गोष्टी. एसी लॅबमधून बाहेर पडल्यावर थंड यंत्रावर दव धरते, म्हणून अर्धा तास बॅग उघडू नये. बॅगेत सिलिका जेल ठेवावे, नारिंगी मण्यांचे; निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते स्वयंपाकघरात तापवू नये. कातळावरच्या घरांत अर्थिंग बरेचदा कमकुवत असते आणि अर्थिंगशिवाय स्पाइक गार्ड पूर्ण काम देत नाही. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात चार्जर आणि लॅन केबल दोन्ही काढा. भिजलाच तर पॉवरचे बटण दाबून धरून बंद करा, चार्जर लावू नका, तांदळात पुरू नका. पाणी सुकले तरी मीठ आतच राहते. कारागिराकडून बॅटरी सोडवून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्यावा, तोही त्याच दिवशी.

आपल्या वृत्तपत्रामार्फत महाविद्यालयांना विनंती: शाखेनुसार कोणत्या वर्षी कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती लागते याची यादी पहिल्या कॅप फेरीआधी संकेतस्थळावर लावा. आणि ॲन्सिससारख्या (संगणकावर भार-ताण तपासणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या जड कामासाठी संगणक कक्ष संध्याकाळी आठपर्यंत उघडा ठेवा. तेवढे झाले तर बहुसंख्य मुलांना महागडे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावेच लागणार नाही.

आपले,
लॅपटॉप दुरुस्ती कारागीर, रत्नागिरी