समान काम, पण पदनाम वेगळे

मा. संपादक,

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी पॅकिंगचे काम करते. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तरीही त्याच पट्ट्यावर माझ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या पुरुष कामगाराची नोंद ‘ऑपरेटर’ आणि माझी ‘हेल्पर’ अशी होते, आणि पगारातला फरक या एका शब्दाआड लपतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंधनकारक केलेल्या तक्रार समितीचा फलक लागला, तोही युनियनमधील आम्ही बायकांनी सह्या गोळा केल्यावर. त्यावरील एक सदस्या तर केव्हाच नोकरी सोडून गेली आहे. कामगार खात्याने पदनामांची तपासणी करावी, आणि युनियननेही बैठका रात्री न घेता पाळी सुटताच घ्याव्यात, कारण फोंड्याची शेवटची बस आमच्यासाठी थांबत नाही.

– एक कामगार महिला, फोंडा