शेवटच्या दहा टक्क्यांच्या मागे का लागायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या अंकातलं लसीकरणावरचं पत्र वाचलं. ९० टक्के मुलांना गोवरची लस मिळालीय मग उरलेल्यांच्या मागे हात धुवून लागायची काय गरज, आणि साथ कशी पसरेल ते सांगणारी ती गणिती मॉडेलं म्हणजे नुसती भविष्यं, असं त्यात म्हटलंय. भविष्याचं नंतर बघू, आधी साधा गुणाकार करू.

कुणालाच संरक्षण नसेल तर गोवरचा एक पेशंट सरासरी १२ ते १८ जणांना लागण देतो. आपण १५ धरू. ९० टक्के लोक सुरक्षित असतील तर १५ पैकी लागण होणार दीड जणाला. दीड म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण दीडाचे सव्वादोन, सव्वादोनाचे सव्वातीनच्या पुढे, असं करत दहाव्या फेरीत एकाचे ५७ होतात, आणि गोवरची एक फेरी साधारण ११-१२ दिवसांची, म्हणजे चार महिन्यांत हा पसारा. तेच ९५ टक्के सुरक्षित असतील तर दीडाच्या जागी पाऊण येतो आणि साथ आपोआप विझते. आकडा एकाच्या वर की खाली, सगळा खेळ एवढाच.

बरं, लस घेतलेला प्रत्येकजण सुरक्षित होतो असंही नाही. एका डोसने साधारण ९३ टक्के, दोन डोसने ९७ टक्के संरक्षण मिळतं, त्यामुळे पत्रातले ते ९० टक्के प्रत्यक्षात ९० सुद्धा भरत नाहीत.

आता भविष्याचं. १७६० मध्ये डॅनिएल बर्नुली या स्विस गणितज्ञाने देवीच्या रोगावर गणित मांडलं तेव्हा त्याचा प्रश्न होता, की सगळ्यांना टोचलं तर सरासरी आयुष्य किती वाढेल? उत्तर आलं, सुमारे ३ वर्षं. म्हणजे मॉडेल 'अमुक केलं तर काय, नाही केलं तर काय' एवढंच सांगतं. 'काहीच केलं नाही तर' असं उत्तर ऐकून लोकांनी हातपाय हलवले आणि तो आकडा आला नाही, तर त्याला चुकलं कसं म्हणायचं? अर्थात कच्चा डेटा घातला की भलतंच उत्तर येतं, तेही खरंय, मॉडेलवाल्यांनी तेव्हा जरा कमी बोलावं.

मला सगळ्यात जास्त पटतं ते रुबेलाचं, म्हणजे जर्मन गोवरचं उदाहरण. लस अर्धवट दिली की आजार कमी फिरतो, त्यामुळे ज्या मुलींना तो लहानपणी होऊन गेला असता त्या तशाच मोठ्या होतात आणि मग गरोदरपणात गाठतो, तेव्हा बाळाला जन्मजात दोष येऊ शकतात. गणितातून निघणारा हा धोका ग्रीसमध्ये १९९३ च्या साथीत खरंच दिसला, कारण तिथे आधीची कित्येक वर्षं लसीकरण निम्म्याहून कमीच होतं. म्हणजे थोडंसं करून थांबणं कधीकधी काहीच न करण्यापेक्षा वाईट, हे नुसत्या अंदाजाने कुणाला सुचलं असतं का?

शेवटी एक विनंती. तुमच्या बातम्यांत नुसती सरासरी नका छापू. सरासरी ९५ असली आणि राहिलेली मुलं सगळी एकाच भागात असली तर तिथे वरचं गणित पाऊणने नाही, जवळपास १५ ने चालणार. तेव्हा राहिलेली मुलं कुठे राहिलीत तेही छापा, भागवार आकडे मिळत असतील तर.

आपला एक नेहमीचा वाचक