उंबऱ्यावरचं जास्तीचं बोट

भुसावळ,
१० मे २०२०

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज आणि केकचा फोटो, दोन्ही पोचलं. केक चांगला दिसत होता. कुणी खाल्ला ते मात्र तू लिहिलं नाहीस. "पन्नाशीच्या वाढदिवसाला कशाबद्दल कृतज्ञ वाटलं ते सविस्तर लिही" असं विचारलंस, तेव्हा आधी हसू आलं. पुण्यात दार लावून लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसालाच असले प्रश्न पडतात भो. तुमच्या त्या ऑनलाइन वर्गातल्या बाई रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला लावतात म्हणे. मला ते जमणार नाही. मी झोपतो केव्हा आणि उठतो केव्हा याचाच पत्ता नसतो. पण सांगण्यासारखं एक घडलं खरं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. पोस्ट चालू आहे, तरी तुला दम निघणार नाही. आज फोटो काढून पाठवतो, कागद मागून येईल.

माझे वाढदिवस दोन, हे तुला वेगळं सांगायला नको. तुझेही दोनच असतील. आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांना गुरुजींनी १ जूनलाच जन्माला घातलंय. कागदावर मी १ जून १९७० चा. आईच्या लेखी मात्र मी "आखाजीना पोऱ्या", म्हणजे अक्षय्य तृतीयेला झालेला, तारीखबिरीख तिला ठाऊक नाही. यंदा आखाजी २६ एप्रिलला, रविवारी आली. बेत मोठा होता. गावी जायचं, सुरतहून बहीण येणार, लिंबाला झोका बांधायचा, दुपारी आमरस-पुरणपोळी हाणून ओट्यावर पत्ते कुटायचे. यातलं काही झालं नाही. २२ मार्चपासून पॅसेंजर गाड्या बंद, बहीण तिकडे उधन्यालाच अडकली. अमळनेर तालुक्यात करोनाचे पेशंट निघायला लागल्यावर गावानं वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. त्या नसत्या तरी मी गेलो नसतो. मी रोज चार ठिकाणचं पाणी पिणारा माणूस, आणि आई पंचाहत्तरीला आलेली.

आमचं काम बंद नाही. मालगाड्या बंद झाल्या तर तुम्ही पुण्यात खाल काय? लॉबीत ड्यूटीवर साइन ऑन करताना दारू तपासायला फुंकर मारायचं यंत्र तेवढं बंद केलंय, बाकी सगळं तेच: लाइन बॉक्स, दोन झेंड्या, दिवा, वॉकीटॉकी आणि शेवटच्या ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, मी एकटा. पूर्वी सावदा, निंभोरा असल्या स्टेशनांवर लूपला, बाजूच्या रुळावर, टाकून ठेवायचे आम्हाला. एक्स्प्रेस जाईपर्यंत डास मारत बसायचं. आता मेन लाइनवर आमच्याशिवाय आहे कोण? सुसाट जातो. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, घड झाडावरच पिवळे पडलेले. भाव पडलाय, आणि तोडायला मजूर नाही. २२ मार्चला संध्याकाळी पाचला देशानं थाळ्या वाजवल्या, तेव्हाही मी ब्रेकमध्येच होतो. रुळांकाठच्या वस्त्यांतून तो खणखणाट ऐकू येत होता. आमच्यासाठी नसावा, पण मी आपली हिरवी झेंडी हलवून घेतली.

आता आखाजीचं सांगतो. त्या दिवशी पितरांची घागर भरतात, डेरगं ठेवतात, पण त्याआधी सकाळी उंबऱ्याची पूजा असते. पितरांपैकी एकेकाचं नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर उमटवायचं. गावी हे आधी बाबा करायचे, त्यांच्यामागे मोठा भाऊ. मी पाठीमागे उभा राहून आंब्याच्या पाटीकडे बघायचो. यंदा ही म्हणाली, "पन्नास वर्षांचे झालात, आपल्या उंबऱ्यावर तुम्ही करा." क्वार्टरचा उंबरा सिमेंटचा, त्यावर कुणीतरी लाल ऑइलपेंट मारून ठेवलेला, त्यावर कुंकू दिसणार कसं? हिनं आधी हळदीचा हात फिरवला. तेवढं झालं, पण नावं? बाबा, आजोबा, आजी, की मी संपलो. मग पुतण्यानं गावाहून व्हिडिओ कॉल लावून दिला. आई फोन कानाला लावून बसली, त्यामुळे पडद्यावर मला तिचा कान आणि कानातली कुडी, एवढंच दिसत होतं. ती एकेक नाव सांगत गेली, मी बोट उमटवत गेलो. पणजा, पणजी, लहानपणी गेलेला एक चुलत आजोबा, बाळंतपणात गेलेली आत्या. नावं संपली असं वाटून मी बोट पुसायला घेतलं, तर आई म्हणाली, "थांब. एक ऱ्हायनं. ते तेलीनमायनं शे."

आपल्या घरात तेलीण कुठून आली? मी तेच विचारलं. आईला हे तिच्या सासूनं सांगितलेलं. मानमोडीच्या साथीत माझा पणजा आणि पणजी आठवड्याच्या आत गेली. आजोबा चार वर्षांचे. घरात भाकरी टाकायला माणूस उरलं नाही, आणि भावकीतलं कुणी दारात यायला धजेना. शेजारच्या तेल्याच्या घरातली बाई आली, पोर उचलून घेऊन गेली आणि साथ सरेपर्यंत, म्हणजे पुढचा उन्हाळा संपेपर्यंत, तिनं ते सांभाळलं. मग मामानं येऊन नेलं. आजोबा मोठे होऊन गावी परत आले, तेव्हा ती बाई राहिली नव्हती. तिचं नाव विचारलं तर आई म्हणाली, "नाव कोनले ठाऊक? बोट ठेव." इतकी वर्षं आमच्या घरात दर आखाजीला एक बोट जास्तीचं उमटतंय, आणि मला पत्ताच नाही. आजोबांच्या मांडीवर मी वाढलो. त्यांनी एका शब्दानं कधी सांगितलं नाही.

मी ते बोट उमटवलं. आईनं फोन कानावरून काढला आणि मग कुठं तिचा चेहरा दिसला. "आखाजीना पोऱ्या" म्हणाली आणि हात वर करून आशीर्वाद दिला. नेटवर्क गेलं.

मग मी मानमोडीबद्दल जे सापडेल ते वाचलं. १९१८ चा तो इन्फ्लुएंझा. जूनच्या सुमाराला मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा सरता सरता दुसऱ्या लाटेत खेडोपाडी शिरला. त्या वर्षी पावसानंही दगा दिलेला. हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली. आणि गावोगाव तो पोचला कसा, तर रेल्वेनं! ज्या रुळांवरून आजोबांच्या आईबापाचं मरण आलं, त्याच रुळांवर नातू पगार घेतो. यंदा गाड्या थांबवल्या तेव्हा लोक आमच्याकडे चिडून बघायचे. मीही मनातून चिडलेलोच होतो. ते वाचल्यावर जरा गप्प झालो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपवता आलं असतं. पण दुपारी पितरांच्या नावानं आगारी टाकून, जेवून जरा लवंडतो तोच ड्यूटीचा कॉल आला. मध्य प्रदेशात गव्हाची खरेदी सुरू झालेली, तिकडे जाणारी रिकामी मालगाडी. हिनं डब्यात पुरणपोळ्या, सांजोऱ्या आणि कैरीचं लोणचं भरून दिलं. रावेर सोडून वाघोड्याच्या अलीकडे सिग्नल मिळाला नाही म्हणून गाडी उभी राहिली. ऊन कलतीला आलेलं. खाली खडीशेजारी एक कुटुंब बसलेलं: नवरा, बायको, सहा-सात वर्षांची पोरगी, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलेलं. त्यानं विचारलं, "साहब, खंडवा कितना दूर?" मी खरं सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. मी डबा खाली दिला. माझ्या मनात तेलीणबिलीण काही नव्हती, हे खरं सांगतो. पोरगी सांजोरीकडे बघत होती, मला दुसरं सुचलंच नाही. पोरगीनं आधी सांजोरीच्या कडा कुरतडून खाल्ल्या, मग आतला सांजा बोटानं काढून काढून खाल्ला. आईबापानं पोळ्या खाल्ल्या, उरलेल्या फडक्यात बांधल्या. तेवढ्यात सिग्नल पडला. ड्रायव्हरचा हॉर्न झाला आणि मी डबा मागायला खाली हात केला, तर त्या बाईनं स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतून डबा धुवायला घेतलेला! मी ओरडलो, "पानी मत गिराओ, वैसा ही दो." तिनं ऐकलं नाही. धुऊन, पदरानं पुसून, झाकण लावून दिला. चव्वेचाळीस डिग्रीचा दिवस, त्यांच्याकडे ती एकच बाटली दिसत होती. माझी बाटली मी खाली टाकली, ती त्यानं झेलली की पडली ते गाडीच्या वेगात दिसलं नाही.

परवाची बातमी तू वाचलीच असशील. करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघालेले, येत होते इथेच, भुसावळला, गाडी मिळेल म्हणून. दोन रात्री मी ड्यूटीवर डोळा लागू दिला नाही. ब्रेकमध्ये बसून पुढचं काही दिसत नसतं, तरी वाकून बघत राहतो. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटतायत. नाशिकहून भोपाळची गाडी आमच्याच मार्गानं गेली. पण ज्यांनी आधीच पाय उचलला त्यांना कोण सांगणार?

म्हणून तुमच्या त्या वहीशी माझं जमत नाही, भो. ग्रुपवर रोज सकाळी येतं: "घर आहे, अन्न आहे, कुटुंब जवळ आहे, देवाचे आभार माना." मला ते वाचून कसंतरी होतं. रुळांवरच्या माणसाकडे बघून आपलं बरं चाललंय म्हणायचं, याला आभार म्हणत नाहीत, ही नुसती सुटका झाली. आणि देवाला पोचवलेल्या आभाराची पावती कुणी मागत नाही, म्हणून ते सोपं असतं. आईचं बोट बघ. त्याला नाव नाही पण घर आहे, गल्ली आहे, साल आहे. मला त्या बाईचं ऋण वाटतं, कारण ती आली नसती तर हे पत्र लिहायला मी नसतो. हे मी अलंकारानं म्हणत नाही, हिशेब आहे साधा. पुढच्या आखाजीला गावी गेलो तर त्या घरातलं आता कोण आहे ते शोधणार. लोक म्हणतात ते घर केव्हाच पडलं, वारस बऱ्हाणपूरला गेले. बघू.

बाकी घरी बरं आहे. गल्लीतल्या बायका दरवर्षी एकत्र बसून बिबडे, कुरडया करतात. यंदा प्रत्येकीनं आपापल्या गच्चीवर मांडलंय, आणि कठड्यावरून एकमेकींना ओरडून विचारतात, "मीठ किती टाकलं वं?" ब्रेकमधून घरी आलो की आधी मागच्या मोरीत अंघोळ, मग घरात प्रवेश. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून उतरलो तेव्हा पलीकडच्या वहिनींनी वाटीभर गरम चीक, वर साखर-दूध घालून, बांबूच्या टोकाला पिशवी बांधून आमच्या गच्चीवर पोचवला होता. मी उभ्यानंच खाल्ला. तुझ्या केकपेक्षा तो चांगला होता, राग मानू नको. बहिणीनं सुरतहून फोनवर रडून घेतलं, आणि मग तिच्या जावेशी झालेलं भांडण तासभर सांगितलं. म्हणजे तीही ठीक आहे.

काका ठणठणीत आहेत, परवा गेटाशीच उभा राहून बोललो. मास्क हनुवटीला, सवयीप्रमाणे. मी ओरडलो, त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या बीपीच्या गोळ्या पंधरवड्यात संपतील. चिठ्ठीचा फोटो पुन्हा पाठव आणि या वेळी उजेडात काढ. मागचा मेडिकलवाल्याला वाचता आला नव्हता, तासभर तुला फोन लावत उभं राहावं लागलं. गोळ्या मी मंगळवारी सकाळी देईन. दुपारी बहुतेक बडनेऱ्याकडे कॉल लागेल.

तुझा,
गार्डसाहेब