पेटीतल्या बुरशी लागलेल्या फळांबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी ठाण्यात वाटलेल्या स्ट्रॉबेरी-द्राक्षांच्या काही पेट्यांत बुरशी निघाली. "सगळंच टाकायचं का?" असे बरेच फोन आले, म्हणून लिहिते आहे.

सगळं टाकू नका. बुरशी लागलेलं फळ आणि त्याला चिकटलेली फळं काढून टाका. उरलेली एकेक उचलून बघा. देठाशी करडी लव नसेल, बोटाला मऊ लागत नसेल, तर धुऊन त्याच दिवशी संपवा. पण स्ट्रॉबेरीचा खराब भाग कापून बाकीची खाऊ नका! मऊ, रसाळ फळात बुरशीचे धागे डोळ्यांना न दिसता आतपर्यंत गेलेले असतात. सडकं सफरचंद जॅमलाही नको. त्यात पॅट्युलिन नावाचं विष असू शकतं आणि ते शिजवूनही पूर्ण जात नाही. पैसे मोजलेले असतात, टाकताना जीव तुटतो, कळतं मला. तरी मुलांच्या डब्यात असलं फळ नकोच.

बुरशीचं फळ हुंगून बघू नका, दमा असलेल्यांनी तर मुळीच नाही.

फळं खायच्या वेळीच धुवा. ओली ठेवली की आपल्याकडच्या दमट हवेत लगेच लव धरते. पुढची पेटी घरी आली की त्याच संध्याकाळी उघडून निवडा.