वास येतो म्हणून पाणी शुद्ध?

मा. संपादक,
स. न.

जलतरण तलावाच्या पाण्याविषयीची कालची बातमी वाचली. ‘क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी शुद्धच आहे’ हा तलावचालकांचा खुलासा आपण चक्क चौकटीत छापलात. धन्य!

डोळे चुरचुरवणारा तो वास क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होते. वास जितका उग्र, तितके क्लोरीन घाणीतच खर्ची पडलेले. नीट राखलेल्या तलावाला वास जवळपास येतच नाही.

छायाचित्रात कर्मचारी पिवळी नळी अभिमानाने दाखवत आहेत. ती ऑर्थोटोलिडिन या रसायनाची क्लोरीन-चाचणी. क्लोरामाइननेही ती पिवळी होते, त्यामुळे जंतू मारायला किती क्लोरीन शिल्लक आहे ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी डीपीडी या दुसऱ्या रसायनाची एक नंबरची गोळी लागते; पाणी गुलाबी होते आणि मुक्त, म्हणजे घाणीत खर्ची न पडलेले, क्लोरीन तेवढेच मोजले जाते. ते 1 ते 3 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत 1 ते 3 भाग) हवे, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप, 7.2 ते 7.8. पीएच 7.5 असताना मुक्त क्लोरीनपैकी साधारण निम्मे कामी येते, 8 ला जेमतेम पाव. टीसीएल पावडरने (ब्लीचिंग पावडरने) पीएच चढतो. म्हणून पहाटे अंदाजाने बादलीभर टीसीएल ओतणे आणि पीएचकडे ढुंकूनही न बघणे याला शुद्धीकरण म्हणत नाहीत. पावडरऐवजी टीसीसीए या दुसऱ्या क्लोरीनयुक्त रसायनाच्या गोळ्या वापरल्या तर त्यांतले सायन्युरिक आम्ल साठत जाते आणि क्लोरीन मंदावते. काही पाणी काढून ताजे भरण्यावाचून त्याला व्यवहारी उपाय नाही.

1 पीपीएम मुक्त क्लोरीनमध्ये घातक ई. कोलाय जिवाणू मिनिटभरात मरतो. जुलाब करणाऱ्या परजीवींपैकी जिआर्डियाला पाऊण तास लागतो आणि क्रिप्टोस्पोरिडियम दहा दिवस तग धरतो. त्यामुळे लहान मुलाला पाण्यात शी झाली की जाळीने काढून पुढची बॅच सोडणे चालणार नाही. शी घट्ट असेल तर सगळ्यांना पाण्याबाहेर काढून 2 पीपीएमवर अर्धा तास थांबावे. जुलाब असतील तर 20 पीपीएमवर पावणेतेरा तास, तेही पाण्यात सायन्युरिक आम्ल नसेल तर. एवढा वेळ तलाव बंद ठेवून फीवर पाणी कोण सोडणार, हा प्रश्न वेगळा!

वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानापेक्षा 8-10 पीएसआयने वाढला की बॅकवॉश करायचा, म्हणजे उलटे पाणी सोडून वाळू धुवायची असते. तो टाळला की गाळणी मंदावते, घाण पाण्यातच राहते आणि क्लोरीन तिच्यात खर्ची पडते. अशा क्लोरीन कमी पडलेल्या पाण्यात स्यूडोमोनास हा जिवाणू वाढतो आणि मुलांचे कान ठणकू लागतात.

जाता जाता आपल्यालाही एक सूचना. केरळमधल्या मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या बातम्यांना आपण भरपूर जागा देता. तो नाकावाटे शिरतो आणि पुरेशा क्लोरीनपुढे टिकत नाही. त्यातली चार ओळींची जागा रोज शहरातल्या प्रत्येक तलावाचे मुक्त क्लोरीन आणि पीएच छापायला द्या. आकडे मागितल्यावर कोणाकडे डीपीडीच्या गोळ्या आहेत, तेही कळेल.

– एक वाचक
(कृपया नाव छापू नये.)