मोठ्या कामाबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मोठं काम कधी मिळणार?" शॉट लागला होता, बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

मला दिलीप प्रभावळकरांसारखी कामं करायची आहेत. तुम्हाला ते दूरदर्शनवरच्या चिमणरावांपासून आठवतात, मला 'टिपरे' मालिकेतल्या आबांपासून. पण १९९३चा 'झपाटलेला' आठवा. हाडामांसाचा गुंड तात्या विंचू सुरुवातीलाच मरतो, पुढे सगळा त्याचा आत्मा शिरलेला बाहुला. तेवढ्या वेळात त्यांनी तो असा उभा केलाय की नंतर बाहुल्याकडे बघतानाही डोळ्यांपुढे तेच येतात. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांनी 'चौकट राजा'तला निरागस नंदू केला होता! 'हसवा फसवी'त एकट्याच्या सहा भूमिका, नाटकही स्वतःच लिहिलेलं. 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी केले तेव्हा नक्कल केली नाही. हळू आवाज आणि ते मिश्कील हसू, बस. त्या वर्षी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. रूढ अर्थाने हीरो ते कधीच नव्हते. तरी २०२५मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, 'दशावतार' हा अख्खा सिनेमा त्यांच्या बाबुली मेस्त्रीवर उभा राहिला.

म्हणून नायिकेची मावशी, शेजारीण, नर्स अशी कामं आली की मला मनापासून आनंद होतो. दर वेळी नवं माणूस हाती लागतं. त्याची चाल कशी, पदर कसा सावरेल, चिडलं की बोलेल की गप्प बसेल, हे शोधण्यात मी रमते. हे मला आयुष्यभर करायचंय.

आई, पैशांचं म्हणशील तर मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात. ओढाताण होते, हे खरंय. पण भाडं वेळेवर जातं आणि डबाही चांगला मिळालाय. काळजी करू नकोस.

आता बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. मला सहकारी बँकेतल्या कॅशियरची भूमिका मिळालीय, दोनच सीन आहेत. तुम्ही इतकी वर्षं काउंटरवर बसलात. नोटा मोजताना बोट स्पंजवर कधी टेकवायचात? मधेच कुणी बोललं तर आकडा कसा धरून ठेवायचात? आणि गर्दीच्या दिवशी मान वर न करता "पुढे या" म्हणायचात, ते कसं? रविवारी व्हिडिओ कॉल करते. दहाच्या नोटांचं एक बंडल जवळ ठेवा.

तुमची,
मनू